मराठी बोलींची नोंद: ग्रिअर्सनपासून डेक्कन कॉलेजपर्यंत

मालवणचा माणूस 'माका' म्हणतो, अकोल्याचा 'मले', धुळ्याचा 'माले', आणि शाळेचं पुस्तक 'मला'. हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुठलं रूप कोणत्या गावापर्यंत चालतं आणि कुठून बदलतं, हे कुणी नीट टिपून ठेवलं आहे का? पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने गेल्या काही वर्षांत मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं, ते याच प्रश्नासाठी. त्याचं मोल कळायचं तर आधीची सव्वाशे वर्षं पाहावी लागतात.

सुरुवात १८८६ सालची. व्हिएन्नाला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत हिंदुस्थानातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी असा ठराव झाला. पुढे १८९४मध्ये काम सुरू झालं आणि जॉर्ज ग्रिअर्सन या आयरिश सनदी अधिकाऱ्याने ते १९२८पर्यंत तडीस नेलं. त्याची पद्धत आज विचित्र वाटेल. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायची आणि स्थानिक बोलीत तिचं भाषांतर करून मागवायचं. सोबत स्थानिक बोलण्याचा आणखी एखादा नमुना, शिवाय शब्दांची आणि वाक्यांची २४१ नोंदींची ठरलेली यादी. हीच गोष्ट घेण्यामागे विचार होता: तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामं येतात, बहुतेक विभक्ती येतात, तिन्ही काळ येतात. इथल्या लोकांना खटकतील असे शब्द तेवढे बदलून घेतले होते.

या पाहणीचा अहवाल अनेक खंडांत छापला गेला; त्यात मराठीचा खंड सातवा. तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन अभ्यासकाने तयार केला आणि १९०५मध्ये निघाला. आजही बोलींचा अभ्यासक पहिल्यांदा तोच उघडतो, आणि उघडावाच. पण त्यातल्या उणिवा लहान नाहीत. निजामाचं हैदराबाद संस्थान, म्हैसूर संस्थान आणि मद्रास इलाखा ही पाहणीच्या कक्षेबाहेर होती. म्हणजे आपल्या मराठवाड्यात, तसंच तंजावरच्या मराठी घरांत, ही पाहणी पोचलीच नाही. दुसरं असं, की गोष्ट एकच आणि तीही भाषांतरित. कलेक्टर कचेरीतून आलेलं पत्र, समोर लिहिता-वाचता येणारा माणूस, हातात आधीच तयार असलेला मजकूर. अशा बैठकीत पेरणीचं, बाळंतपणाचं, भांडणाचं बोलणं कसं उतरणार?

वर्गवारीचे परिणाम तर दूरवर गेले. कोनोच्या खंडात कोकणी मराठीची बोली म्हणून आली. पुढे तिला १९७५मध्ये साहित्य अकादमीने स्वतंत्र साहित्यभाषा मानलं आणि १९९२मध्ये ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गेली. अहिराणी, म्हणजे ग्रिअर्सनच्या भाषेत खानदेशी, मराठीच्या खंडात नव्हतीच. ती नवव्या खंडात भिल्ली भाषांबरोबर ठेवली गेली. जनगणनेतही खानदेशी मराठीहून वेगळी मोजली जाते: २०११मध्ये तिचे भाषक सुमारे १८ लाख ६० हजार नोंदले गेले. जळगाव-धुळ्यात मात्र घरी अहिराणी आणि जनगणनेच्या रकान्यात मराठी लिहिणारी माणसं कमी नाहीत. त्यामुळे या आकड्यावरून अहिराणीचं खरं बळ मोजू नये असं मला वाटतं.

ग्रिअर्सनच्या कामाची एक बाजू मात्र काळाच्या पुढची होती. छापील नमुन्यांना जोड म्हणून वेगवेगळ्या प्रांतांत ग्रामोफोन तबकड्या मुद्रित झाल्या. शंभर वर्षांपूर्वीचे ते आवाज आज शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातून इंटरनेटवर ऐकता येतात. ज्यांना बोलींची आवड आहे त्यांनी एकदा ते जरूर ऐकावेत. लिहिलेल्या नमुन्यात हेल आणि स्वरांची लांबी हरवते. ती तबकडीत शिल्लक आहे.

यानंतर विद्यापीठीय अभ्यासाने वळण घेतलं ते पुण्यातच. १९५०च्या दशकात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने डेक्कन कॉलेजमध्ये भाषाविज्ञानाची शिबिरं भरू लागली. लिखित ग्रंथाऐवजी समोर बसलेल्या माणसाच्या बोलण्यातून व्याकरण कसं काढायचं, हे इथल्या एका पिढीने तिथे शिकून घेतलं. त्या वातावरणात डॉ. अमृत माधव घाटगे यांनी मराठीच्या बोलींची पुस्तकमाला हाती घेतली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली: १९६३मध्ये दक्षिण कानड्यातली कोकणी, १९६५मध्ये कुडाळी आणि मग पुढच्या. एकेका बोलीचे ध्वनी, व्याकरण, नमुना-उतारे आणि शब्दसंग्रह असं त्याचं स्वरूप. नेमकेपणात ही पुस्तकं ग्रिअर्सनच्या कितीतरी पुढे आहेत. पण एका पुस्तकात एक बोली आणि तिचे मोजके भाषक, त्यामुळे राज्याचा नकाशा त्यांतून उभा राहत नव्हता.

याच सुमारास एका गावाने मराठीला जगाच्या भाषाविज्ञानात नेऊन ठेवलं. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा त्या गावावरचा लेख १९७१मध्ये प्रसिद्ध झाला आणि अजूनही जगभर शिकवला जातो. गावात कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू शेजारी शेजारी नांदत होत्या. शतकानुशतकांच्या शेजारामुळे त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतल्या वाक्यात शब्दामागे शब्द बदलत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. प्रमाण मराठीत 'नदीला पूर आला होता'. कुपवाडच्या मराठीत पूर 'आलं होतं'. कारण कानडीत निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, आणि इथल्या मराठीने तीच सोय उचलली होती. शाळेत ज्याला आपण लिंगाची चूक म्हणून लाल रेघ मारतो, ते इथे काटेकोर नियमाने चालणारं व्याकरण होतं. चाळीसेक वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या प्रा. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडला पुन्हा काम करून या निष्कर्षांची फेरतपासणी केली.

मधल्या काळात राज्यव्यापी काम मागे पडलं होतं. जनगणनेने १९६१मध्ये देशभर १,६५२ मातृभाषांची नोंद दिली होती, पण १९७१पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा स्वतंत्रपणे दाखवणं बंद झालं. ही उणीव भरायला गणेश देवी यांच्या नेतृत्वाखाली २०१०मध्ये भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण उभं राहिलं. त्याचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. बोलणाऱ्या समाजातल्या माणसांनीच आपल्या भाषेवर लिहायचं, ही त्याची ताकद होती. मात्र लेख वेगवेगळ्या हातांचे असल्यामुळे एका बोलीची दुसरीशी तोलून तुलना करणं त्यात अवघड जातं.

कुलकर्णी-जोशी यांच्याच नेतृत्वाखाली झालेलं डेक्कन कॉलेजचं नवं सर्वेक्षण नेमकं इथे वेगळं पडतं. अभ्यासक गावोगाव गेले. वेगवेगळ्या वयाचे, जातिजमातींचे स्त्री-पुरुष बोलते केले. तयार मजकुराचं भाषांतर मागण्याऐवजी चित्रं आणि छोट्या चित्रफिती दाखवून 'काय झालं ते सांगा' असं विचारलं, नात्यांचे आणि रोजच्या वस्तूंचे शब्द घेतले, गोष्टी आणि आठवणी मुद्रित केल्या. प्रश्न सगळीकडे सारखे असल्यामुळे उत्तरं नकाशावर मांडता आली. ध्वनिमुद्रणं आणि त्यांचं लेखन लोकांसाठी खुलं आहे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुडाळच्या शिक्षिकेला किंवा मेहकरच्या विद्यार्थ्याला ते थेट वापरता येतं.

असा नकाशा पाहिला की 'वऱ्हाडी', 'मालवणी' ही नावं सैल वाटू लागतात. 'येऊन राहिला' हे रूप एका टापूत, 'मले' दुसऱ्यात, आणि दोन्हींच्या सीमा एकमेकींवर बसत नाहीत. जिल्ह्याच्या हद्दीशी तर त्यांचा संबंध आणखी कमी. पुढचं काम राज्याच्या सीमेबाहेरचं आहे: बेळगाव, बऱ्हाणपूर आणि तंजावर इथलं मराठी बोलणं याच पद्धतीने मुद्रित व्हायला हवं. तंजावरची निकड मोठी, कारण तिथली मराठी तीनशेहून अधिक वर्षं तमिळच्या शेजारात वाढली आहे, आणि ती घरात बोलणारे आता प्रामुख्याने वयस्कर आहेत.