कोकोचा काटा: घानातल्या शेतकऱ्यांची चॉकलेट कंपनी कशी उभी राहिली

घानात कोकोचा भाव सरकार ठरवतं. ६४ किलोच्या गोणीचा दर जाहीर होतो आणि तो देशभर सारखाच असतो. त्यामुळे शेतकऱ्याला नागवायचं ते वजनात. गावात खरेदीला आलेल्या कारकुनाने काट्यात फेरफार केला की दर गोणीमागे काही किलो माल फुकटात जातो. काटामारी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या ऊस उत्पादकाला समजावून सांगायला नको. कुआपा कोको ही सहकारी संस्था याच अन्यायातून उभी राहिली.

हा राग जुना आहे. टेटे क्वार्शी नावाच्या लोहाराने १८७९ साली फर्नांडो पो बेटावरून कोकोचं बी आणून माम्पाँगला लावलं, असं घानात सांगतात. १९११ पर्यंत तेव्हाचा गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, जगातला सर्वांत मोठा कोको उत्पादक झाला होता, तोही गोऱ्यांच्या मळ्यांशिवाय, लहान शेतकऱ्यांच्या बळावर. खरेदी मात्र युरोपीय कंपन्यांच्या मुठीत. १९३७ मध्ये त्यांनी संगनमत करून भाव बांधला; कॅडबरीही त्यात सामील होती. शेतकऱ्यांनी माल विकायचंच थांबवलं, परदेशी वस्तूंवर बहिष्कार घातला आणि कित्येक महिने तग धरला. अखेर ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. वसाहतीच्या इतिहासातला हा फार मोठा शेतकरी संप आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा जवळपास होत नाही, याचं वाईट वाटतं.

१९४७ साली कोको विपणन मंडळ आलं. कंपन्यांची मक्तेदारी जाऊन सरकारची आली. जागतिक दर आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा दर यांतला मोठा वाटा तिजोरीत जाऊ लागला, लोकांनी झाडांकडे पाठ फिरवली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन रसातळाला गेलं. पुढे जागतिक बँकेच्या आग्रहाखातर सुधारणा आल्या. १९९२-९३ च्या सुमारास गावपातळीवरची खरेदी खासगी परवानाधारकांना खुली झाली; निर्यात सरकारकडेच राहिली.

नाना फ्रिम्पाँग अब्रेब्रेसे हे मंडळावरचे शेतकरी प्रतिनिधी. खासगी खरेदीदारांच्या गर्दीत शेतकऱ्यांचाही परवाना हवा, हे त्यांनी ओळखलं. शेतकऱ्यांशी रास्त व्यापार करणाऱ्या ब्रिटनमधल्या ट्विन ट्रेडिंग या संस्थेची मदत मिळाली आणि १९९३ मध्ये कुआपा कोको सुरू झाली. कार्यालय कुमासीत. व्यवस्था साधी होती. गावाने आपल्यातलाच एक नोंदणीकार निवडायचा. केळीच्या पानांखाली आंबवून उन्हात वाळवलेल्या बिया तो सगळ्यांदेखत तोलणार, लिहून ठेवणार आणि हिशेब गावालाच देणार.

युरोपात तोवर फेअरट्रेडचा, म्हणजे उत्पादकाला रास्त भाव दिल्याची खूण असलेला, शिक्का रुजत होता. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये तो कॉफीवर आला. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा एका चॉकलेटवर, बेलीझच्या माया शेतकऱ्यांच्या कोकोपासून बनवलेल्या. १९९५ मध्ये कुआपाला मान्यता मिळाली. या पद्धतीत टनामागे किमान भाव ठरलेला असतो आणि वर संस्थेला सामाईक कामांसाठी अधिमूल्य मिळतं. २०१९ पासून ते टनामागे २४० डॉलर झालं. त्यातून विहिरी, शाळा, पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. पण शिक्क्याच्या अटींवर सगळा माल खपत नाही. जेवढी मागणी, तेवढाच लाभ.

म्हणूनच मला १९९७ चा ठराव सर्वांत धाडसी वाटतो. नुसत्या बिया विकायच्या नाहीत, आपली चॉकलेट कंपनी काढायची, असं सभासदांनी ठरवलं. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘डिव्हाइन’ चॉकलेट बाजारात आलं. कंपनीत सुरुवातीला शेतकऱ्यांचा हिस्सा ३३ टक्के होता; २००६ मध्ये बॉडी शॉप या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने आपले शेअर संस्थेला दिले आणि तो ४५ टक्क्यांवर गेला. पुढच्याच वर्षी पहिला लाभांश वाटला गेला. अधिमूल्य सभासदांना विक्रेते म्हणून मिळत होतं. लाभांश मात्र मालक म्हणून मिळाला, आणि संचालक मंडळावर बसून ताळेबंद तपासायचा हक्कही त्यासोबत होता.

ही मालकी टिकवणं जड गेलं. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती आणि सुपरमार्केटातल्या जागेची चढाओढ यांपुढे डिव्हाइन लहानच राहिली. २०२० मध्ये जर्मनीच्या वाइनरिश या चॉकलेट बनवणाऱ्या कंपनीने बहुसंख्य हिस्सा घेतला आणि शेतकऱ्यांकडे २० टक्के उरले. संस्थेची खरेदी मात्र गावोगाव चालू आहे आणि नोंदणीकार अजूनही गावच निवडतं.