नॉर्थ कॅरोलायना बार्बेक्यू

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील नॉर्थ कॅरोलायना राज्यात रूढ असलेली डुकराच्या मांसाची पाकपद्धती व त्या पद्धतीने तयार होणारा पदार्थ. मांस लाकडाच्या निखाऱ्यांवर मंद आचेने कित्येक तास भाजतात, ते हाडापासून सुटू लागले की चिरतात किंवा हाताने मोकळे करतात आणि गरम असतानाच त्यात व्हिनेगर, मीठ व लाल मिरचीचा पाण्यासारखा पातळ सॉस कालवतात. दुकानात मिळणारा घट्ट, गोड, तपकिरी बार्बेक्यू सॉस हा मुख्यतः कॅन्सस सिटीच्या वळणाचा आहे. त्याचा या पदार्थाशी संबंध नाही. इथले लोक 'बार्बेक्यू' म्हणतात ते या तयार मांसालाच. गॅसवर सॉसेज भाजण्याला ते नाव दिले तर जाणकार माणूस चूक दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही.

इतिहास : कॅरिबियन बेटांवरचे तायनो लोक लाकडी माचाणावर मांस-मासे ठेवून खालच्या विस्तवाच्या धगीवर भाजत. डुक्कर हा मात्र अमेरिकेचा मूळ प्राणी नव्हे. एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार 1539 मध्ये फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर डुकरे होती. पुढे इंग्रज वसाहतवाल्यांनीही ती आणली. कॅरोलायनाच्या जंगलांत ओकची फळे खाऊन ती मोकाट वाढली. गाईगुरांना कुरण लागते, राखण लागते. डुकराला यातले फारसे काही लागत नाही. त्यामुळे साध्या शेतकऱ्याच्या घरीही मांस म्हटले की डुकराचेच असे. व्हिनेगर इंग्रजांच्या स्वयंपाकातले, मिरची उष्ण कटिबंधातून आलेली, आणि रात्रभर खड्ड्याशी बसून निखारे सारणारे हात बहुतेक ठिकाणी गुलाम आफ्रिकी माणसांचे.

या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख जुन्या वर्णनांत ओझरताच येतो, यजमानाचे नाव मात्र ठळक असते. 1930 च्या दशकात अमेरिकी सरकारच्या लेखक-प्रकल्पाने पूर्वी गुलाम असलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांत शेजारच्या साउथ कॅरोलायनातील वेस्ली जोन्स यांनी मेजवानीच्या आदल्या रात्री जागून मांसावर सॉस कसा शिंपडत ते सांगितले आहे : व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, थोडा सेज, धने, बेझिल, कांदा, लसूण, काही लोक चिमूटभर साखरही घालतात. आजच्या घरगुती सॉसपेक्षा हा मसाला कितीतरी भरलेला आहे, तरी पाया तोच.

मेजवानी देऊन लोकांना वश करण्याची राजकीय रीतही इथे जुनीच. ब्रिटिश सरकारच्या, कागदपत्रांवर कर लावणाऱ्या स्टॅम्प कायद्यावरून चिडलेल्या विल्मिंग्टनच्या लोकांना शांत करण्यासाठी गव्हर्नर विल्यम ट्रायन याने 1766 मध्ये अख्खा बैल भाजला आणि लोकांनी तो नदीत फेकून दिला, अशी कथा सांगतात. डुक्कर भाजले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आजही तिथे गमतीने विचारता येईल.

पूर्व आणि पश्चिम : राज्याच्या पूर्वेकडच्या सपाट प्रदेशात अख्खे डुक्कर भाजतात. सॉसमध्ये टोमॅटोचा थेंबही नसतो. खांदा, मांडी, पोट, बरगड्या असे सगळे मांस एकत्र चिरल्यामुळे कोरडे आणि चरबीचे तुकडे प्रत्येक घासात येतात. एडन या छोट्या गावात पीट जोन्स यांनी 1947 मध्ये सुरू केलेल्या 'स्कायलाइट इन'मध्ये कुरकुरीत झालेली कातडीही सुऱ्याने बारीक करून मांसात मिसळतात. मऊ मांसात मधूनच कडक कण दाताखाली येणे ही त्या दुकानाची ओळख. 2003 मध्ये त्याला पाककलेच्या क्षेत्रातील जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा 'अमेरिकाज क्लासिक्स' पुरस्कार मिळाला. इमारतीवर वॉशिंग्टनच्या संसदभवनासारखा घुमट आहे. गोल्ड्सबरो येथील अ‍ॅडम स्कॉट या कृष्णवर्णीय आचाऱ्याचा सॉस पुढे बाटलीबंद होऊन राज्यभर गेला. त्याची कृती आपल्याला स्वप्नात सुचली असे ते सांगत.

पश्चिमेकडे, पीडमाँटच्या डोंगरपायथ्याशी, फक्त खांदा भाजतात. या पद्धतीचे केंद्र म्हणजे डेव्हिडसन काउंटीतले लेक्सिंग्टन. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात तिथल्या न्यायालयासमोर सिड वीव्हर व जेस स्वाइसगुड यांनी तंबू ठोकून, कोर्टाच्या कामासाठी आलेल्या गर्दीला बार्बेक्यू विकायला सुरुवात केली. त्यांच्याकडे शिकलेल्या वॉर्नर स्टेमी यांनी ही विद्या पुढे अनेकांना दिली आणि लेक्सिंग्टनची पद्धत आसपासच्या गावांत पसरली. इथल्या सॉसला 'डिप' म्हणतात. त्यात व्हिनेगरबरोबर थोडे केचप आणि साखर असते, पण तो पातळच राहतो. सोबतच्या कोबीच्या कोशिंबिरीतही मेयोनेझऐवजी हाच डिप घालतात, म्हणून ती 'लाल स्लॉ'. जाणकार गिऱ्हाईक मांस मागताना 'आउटसाइड ब्राउन', म्हणजे बाहेरचा धुराने काळपट झालेला भाग, मुद्दाम मागून घेते. 1984 पासून लेक्सिंग्टनमध्ये दर ऑक्टोबरात बार्बेक्यूचा उत्सव भरतो.

केचपच्या या चार चमच्यांवरून पूर्व आणि पश्चिम यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालू आहे आणि वर्तमानपत्रांना ते फार आवडते. पण बाहेरच्या माणसाने दोन्ही चाखले तर ही सख्खी भावंडेच वाटतील. खरा फरक लाकूड आणि गॅस यांत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मजुरी, लाकडाची किंमत आणि आगीची भीती यांमुळे अनेक उपाहारगृहांनी भट्ट्या बंद करून गॅस किंवा विजेच्या ओव्हनचा आधार घेतला. तिथले मांस मऊ असते, सॉस चोख असतो, पण धूर नसतो. लाकडावर भाजणाऱ्या दुकानांना वेगळे प्रमाणपत्र देणारी एक चळवळ 2013 मध्ये डॅन लेव्हाइन आणि समाजशास्त्रज्ञ जॉन शेल्टन रीड यांनी सुरू केली, ती याच कारणाने.

भट्टी : लाकूड हिकरी किंवा ओकचे असते. ते थेट मांसाखाली पेटवत नाहीत. बाजूच्या पिंपात किंवा चुलाण्यात जाळून निखारे पडले की फावड्याने उचलून मांसाखाली पसरतात. खांद्यांखाली आणि मांड्यांखाली जास्त, मध्यभागी कमी. चरबी निखाऱ्यांवर ठिबकते, चरचरते, आणि तिचा धूर पुन्हा मांसाला लागतो. या पदार्थाची खास चव लाकडाच्या धुराइतकीच या जळत्या चरबीतून येते, हे ओव्हनवाल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. अख्ख्या डुकराला बारा तास किंवा जास्त लागतात, नुसत्या खांद्याला साधारण नऊ-दहा. लग्न, निवडणूक, चर्चची वर्गणी अशा निमित्ताने अंगणात अख्खे डुक्कर भाजून पाहुण्यांनी हाताने मांस तोडून घेण्याच्या समारंभाला 'पिग पिकिन' म्हणतात. त्यासाठी तेलाच्या जुन्या टाक्या आडव्या कापून, चाके लावून केलेल्या भट्ट्या गाडीमागे ओढून नेतात.

घरगुती पद्धत : घरी अख्खे डुक्कर शक्य नसते, त्यामुळे पूर्वेचा निष्ठावंतही घरी खांद्याकडेच वळतो. खांद्याचा वरचा, चरबीने विणलेला, पात्याचे हाड असलेला तीन ते चार किलोंचा तुकडा सर्वांत सोयीचा. फार साफ केलेले, बिनचरबीचे मांस इथे कामाचे नाही. खांदा हा सतत राबणारा भाग, त्यामुळे त्यात जोडऊती म्हणजे कोलॅजन भरपूर असते. सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे हे कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून मांस 'शिजणे' आणि 'मऊ होणे' या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाण्याच्या दृष्टीने ते लवकर सुरक्षित होते, पण तेव्हा ओढले तर चिवटच निघते. आतले तापमान 93 ते 96 अंशांवर गेले आणि हाड हलवताच सुटले, की झाले.

आदल्या रात्री किलोमागे दहा-बारा ग्रॅम मीठ चोळून मांस फ्रीजमध्ये उघडे ठेवतात. झाकणाची गोल कोळशाची शेगडी असेल तर पेटलेले कोळसे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पाण्याचे तसराळे आणि त्याच्या वर जाळीवर मांस अशी मांडणी करतात. झाकणाची हवेची भोके मांसाच्या डोक्यावर येतील असे झाकण ठेवले की धूर मांसावरून फिरून बाहेर पडतो. आतली हवा 110 ते 125 अंशांच्या दरम्यान राखायची; दर तासाला मूठ-दोन मूठ कोळसे आणि लाकडाचा एखादा तुकडा. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर येत असेल तर हवा कमी पडते आहे, आणि मांस कडवट होते. धूर मांस थंड आणि ओलसर असताना जास्त धरला जातो, म्हणून लाकडाची खरी गरज पहिल्या तीन-चार तासांत.

पाच-सहा तासांनी एक घटना हमखास घडते. आतले तापमान 65 ते 75 अंशांच्या मध्ये कुठेतरी अडते आणि तासन्‌तास हलत नाही. नवखा माणूस इथे घाबरून विस्तव वाढवतो. कारण साधे आहे : मांसाच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते आणि ती जितकी उष्णता नेते तितकीच शेगडीकडून मिळते. थांबणे हा एक उपाय. मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळणे हा दुसरा. फॉइलने वेळ वाचतो, पण बाहेरचे काळे कवच नरम पडते, आणि लेक्सिंग्टनच्या माणसाला नेमके तेच हवे असते. भाजताना सतत व्हिनेगर शिंपडण्याची भट्टीवरची रीत घरच्या छोट्या शेगडीला मानवत नाही. दर वेळी झाकण उघडले की उष्णता जाते आणि ओला पृष्ठभाग आणखी थंड होतो. तयार मांसाच्या कडेला दिसणारा गुलाबी पट्टा कच्चेपणाचा नसतो. धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी संयोग पावून तो रंग टिकवतात.

शेगडी नसेल तर 120 अंशांच्या ओव्हनमध्येही मांस तितकेच मऊ होते. धूर येत नाही. बाटलीतला 'लिक्विड स्मोक' घालून ती कसर भरण्याची सूचना पाककृतींत वारंवार आढळते. त्यापेक्षा धूर नसलेले पण नीट भाजलेले मांस बरे.

पूर्वेकडच्या सॉससाठी अर्धा लिटर सफरचंदाचे व्हिनेगर, प्रत्येकी एक मोठा चमचा मीठ, साखर व भरड लाल मिरची आणि एक लहान चमचा मिरपूड एकत्र करून रात्रभर ठेवतात. शिजवायची गरज नाही. मिरचीचा तिखटपणा उतरायला वेळ मात्र द्यावा लागतो. यात अर्धा कप केचप घालून एक उकळी आणली की लेक्सिंग्टनचा डिप. तासभर झाकून विसावलेले मांस चिरल्यावर हा सॉस थोडा थोडा, चाखत घालतात. चार किलो कच्च्या मांसाचे तयार मांस सव्वादोन-अडीच किलो भरते. त्याला कप-दीड कप सॉस सुरुवातीला पुरतो, उरलेला बाटलीतून ताटावर. व्हिनेगर मांस मऊ करते हा समज चुकीचा आहे, आम्ल एवढ्या जाड तुकड्यात काही मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही. त्याचे काम जिभेवरचे. चरबी आणि जिलेटिन यांचा जो लेप तोंडात बसतो तो आंबटपणाने कापला जातो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. सॉस पातळ का, याचेही उत्तर इथेच आहे : चिरलेल्या मांसाच्या फटींतून तो खाली झिरपतो, घट्ट सॉस वरच बसून राहतो.

गोव्याच्या स्वयंपाकघराला डुकराचे मांस आणि व्हिनेगर ही जोडी नवी नाही. विंदालू हे पोर्तुगीजांच्या लसूण-वाइनमध्ये मुरवलेल्या मांसाचे इथे झालेले रूप. सोरपोतेल आणि चोरीस यांतही व्हिनेगर असतेच. मात्र गोव्यात व्हिनेगर आधी मुरते आणि मसाल्यासोबत शिजते, कॅरोलायनात ते शेवटी, कच्चेच पडते. माडाच्या व्हिनेगरने हा सॉस उत्तम होतो. घरगुती व्हिनेगरचा आंबटपणा कमी-जास्त असतो, म्हणून चाखून प्रमाण ठरवावे. हिकरी भारतात मिळत नाही. आंबा किंवा चिंच यांचे पूर्ण वाळलेले लाकूड चालते. देवदार, चीड अशी राळेची झाडे आणि रंग वा पॉलिश लावलेले फर्निचरचे तुकडे कधीही वापरू नयेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले, केरी, मॉरिसव्हिल या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना अस्सल दुकाने तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. घरी खटाटोप करण्याआधी एकदा लाकडावर भाजलेले खाऊन पाहणे त्यांना तरी शक्य आहे.

वाढणी : मऊ पावात मांस आणि वर स्लॉ, किंवा कागदी तबकात मांस, स्लॉ आणि हशपपी, म्हणजे मक्याच्या पिठाची तळलेली लांबट भजी. पूर्वेला उकडलेले बटाटे आणि मक्याची चपटी भाकरीवजा कॉर्नब्रेडही असते. सोबत गोड थंड चहा, पश्चिमेकडे सॉल्सबरी गावचे 'चिअरवाइन' हे चेरीच्या चवीचे पेय. उरलेले मांस उथळ भांड्यात पसरून लवकर फ्रीजमध्ये ठेवतात. पुन्हा गरम करताना पळीभर सॉस आणि तितकेच पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणतात. दुसऱ्या दिवशी आंबटपणा दबलेला असतो, म्हणून ताटात घेताना सॉस थोडा जास्त लागतो.