ताण आणि आत्मसंयम

ताण आणि आत्मसंयम : मनावर ताण असताना मोह आवरण्याची आणि सारासार पाहून निर्णय घेण्याची मेंदूची क्षमता घटते, त्या प्रक्रियेचा विचार. बोलण्यात आपण ‘डोकं चालेनासं झालं’ म्हणतो ते हेच.

‘स्ट्रेस’ (ताण) ही संज्ञा शरीरक्रियाविज्ञानात कोणी आणली, याबाबत एकमत नाही. श्रेय सहसा शरीरशास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांच्या ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतील १९३६ च्या टिपणाला दिले जाते, पण त्याच्या शीर्षकात तो शब्दच नाही. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांच्या १९३५ च्या एका लेखाच्या शीर्षकात तो आहे, आणि भावनिक ताण या अर्थाने त्यांच्या लेखनात तो साधारण १९१४ पासून सापडतो. शब्द कॅनन यांचा, आणि निरनिराळ्या आघातांना शरीर एकसारखाच प्रतिसाद देते हा सिद्धांत सेल्ये यांचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

संयमाचे मुख्य केंद्र कपाळामागे, मेंदूच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या भागात असते. तेथील चेतापेशींना नॉरअॅड्रेनॅलिन व डोपामिन ही संदेशवाहक रसायने बेताने लागतात. ताणात त्यांचा लोंढा येतो, पेशींमधील पोटॅशियमचे मार्ग उघडतात आणि पेशींचे परस्परांशी चाललेले संदेशवहन क्षीण होते. मेंदूविज्ञ एमी आर्नस्टेन यांच्या संशोधनातून हे चित्र स्पष्ट झाले. तेवढ्या वेळात अमिग्डला हे भीती-भावनांचे केंद्र व सवयींची केंद्रे सूत्रे हाती घेतात. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मात्र सावकाश वाढते. त्याची कमाल पातळी वीस ते तीस मिनिटांनी येते.

याचे रोजचे उदाहरण इंदूरचे. तेथे मध्य प्रदेश राज्य लोकसेवा आयोगाचे मुख्यालय असल्याने भंवरकुआं भागात परीक्षार्थींची दाटी असते. रात्री बाहेरचे खायचे नाही, असे सकाळी ठरवलेला त्यांतलाच मराठी घरातला मुलगा, आईने पोळी-भाजी झाकून ठेवलेली असतानाही सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, उभा दिसतो. सोन्याचांदीची दुकाने मिटलेली, समोर तळलेल्या गराडू या कंदावर जिरावण मसाला पडतो आहे, लिंबू पिळले जाते आहे. त्याला ‘मनाचा कच्चा’ म्हणणे अन्यायाचे आहे. झुरिक येथील २०१५ च्या प्रयोगात बर्फगार पाण्यात हात धरायला लावून ताण दिलेल्यांनी पौष्टिक पदार्थापेक्षा चवदार पदार्थ अधिक वेळा निवडला. आरोग्य जपण्याचा त्यांचा निश्चय आधीचाच होता. निवडीच्या क्षणी चवीचे पारडे जड झाले.

इच्छाशक्ती वापरून ‘संपते’, हा मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर व सहकाऱ्यांचा १९९८ चा सिद्धांत या विषयाशी नेहमी जोडला जातो. २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत तो परिणाम जवळजवळ शून्य आढळला. त्यामुळे येथे त्यावर भर दिलेला नाही.

दीर्घ ताणात उंदरांच्या मेंदूतील सवयींशी निगडित भाग वाढतो व हेतुपूर्वक कृतीशी निगडित भाग आक्रसतो, असे २००९ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, महिनाभर परीक्षेच्या तयारीचा ताण सोसलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची लक्ष वळवण्याची क्षमता मंदावलेली आढळली. ताण उतरल्यावर महिन्याभरात ती पूर्ववत झाली.