कलेच्या निवासी शाळांत प्रवेश मिळणं किती कठीण? पालकांसाठी माहितीपत्रक

संगीत, नृत्य, नाट्य किंवा चित्रकला मुख्य धरून शिकवणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करायला आमच्याकडे येणारे बहुतेक पालक आधी एकच विचारतात, "शंभरातल्या किती मुलांना घेतात?" प्रश्न रास्त आहे. मूल चौदा-पंधराव्या वर्षी घर सोडणार, खर्च मोठा, तेव्हा अंदाज हवाच. पण या एका आकड्यावरून शाळा ठरवू नका असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. त्याची कारणं इथे लिहीत आहोत.

एका शाळेत अनेक दारं

अमेरिकेत मिशिगनमधली इंटरलोकन आर्ट्स अकॅडमी (1962), बॉस्टनजवळची वॉलनट हिल, कॅलिफोर्नियातली आयडलवाइल्ड या शाळांची नावं पालक आंतरजालावर वाचून येतात. अशा शाळेचा प्रवेशाचा टक्का म्हणून जो आकडा छापला जातो, तो सगळ्या विभागांची सरासरी असतो. प्रत्यक्षात तुमचं मूल शाळेत नव्हे, एका विभागात अर्ज करतं. पियानोसाठी अर्ज ढीगभर येतात आणि वाद्यवृंदाला पियानोवादक फारसे लागत नाहीत, म्हणून तिथे चुरस तीव्र असते. त्याच वर्षी ओबो किंवा बॅसून ही फुंकून वाजवायची वाद्यं वाजवणारा विद्यार्थी शाळा संपवून बाहेर पडला असेल, तर त्या जागेसाठी शाळा स्वतःच शोधात असते. नृत्यात मुलग्यांचे अर्ज मुलींपेक्षा बरेच कमी असतात. अकरावीला जागा असतात, बारावीला थेट जागा बहुधा कमी. वसतिगृहातल्या खाटांचाही हिशेब असतो.

शिवाय अर्ज करणारी मुलं मुळात निवडक असतात. वर्षानुवर्षं रोज रियाज केलेली मुलंच अर्ज करतात आणि बऱ्याच विभागांत आधी व्हिडिओ पाहून चाळणी लागते. त्यामुळे एखाद्या शाळेचा टक्का मोठा दिसला तरी तिथला प्रवेश सोपा असतो असं नाही.

तुमच्या मुलाची कला तिथे शिकवतात का?

पुण्यातल्या पालकांनी सगळ्यात आधी हेच पाहावं, असं आमचं ठाम मत आहे. या शाळांतला नृत्यविभाग बॅले आणि आधुनिक नृत्यावर उभा असतो. गायनविभागात पाश्चात्त्य शास्त्रीय गायकी असते. कथकात किंवा भरतनाट्यममध्ये विशारद झालेली मुलगी तालात पक्की असते, तिची अंगशुद्धी परीक्षकांना दिसतेही, पण बॅलेच्या सरावाची आडवी दांडी (बार) धरून घेतलेल्या वर्गात तिला पहिल्यापासून शिकलेल्या मुलींच्या शेजारी उभं राहावं लागतं. ख्याल गाणाऱ्या मुलाचंही तसंच. इंग्लंडमध्ये 1963 साली येहुदी मेन्युहिन यांनी काढलेल्या शाळेचा भर पहिल्यापासून मुख्यतः पियानो आणि व्हायोलिन-चेलोसारख्या तंतुवाद्यांवर राहिला. तिथे सतारीचा अर्ज नाकारला गेला, तर त्यात मुलाच्या हाताचा दोष नाही.

ज्यांची कला भारतीय आहे त्यांनी देशातल्या संस्था आधी पाहाव्यात. केरळ कलामंडलम (1930) कथकळी, मोहिनीअट्टम, चेंडा (ढोलासारखं तालवाद्य) अशा कला गुरुकुल पद्धतीने शिकवतं आणि शाळकरी वयापासून घेतं. तिथला दिवस पहाटेच्या साधनेने सुरू होतो. भरतनाट्यम शिकवणारं चेन्नईचं कलाक्षेत्र रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 मध्ये उभारलं. शांतिनिकेतनच्या पाठभवनात चित्र आणि गाणं रोजच्या शिक्षणाचाच भाग आहे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांनी गुरूकडे घरी राहूनच शिकायचं असेल, तर केंद्र सरकारच्या सीसीआरटीची (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) शिष्यवृत्ती आहे. हे सगळं सांगितल्यावर काही पालक परदेशाचा विचार बाजूला ठेवतात. आम्हाला त्यात वाईट वाटत नाही.

परीक्षक नेमकं काय पाहतात

चित्रकलेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुण्यातून सर्वांत जास्त अर्ज याच विभागात होतात आणि गैरसमजही इथेच जास्त आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड असणं चांगलंच. इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण त्या परीक्षांत ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या विषयावर नेटकं काम करायचं असतं. परदेशी शाळा पोर्टफोलिओ मागते, बहुधा दहा ते वीस कामांचा. त्यात प्रत्यक्ष समोर बघून केलेलं रेखाटन हवं: स्वयंपाकघरातला ओटा, झोपलेले आजोबा, मंडईतल्या टोपल्या, स्वतःचा हात. फोटोवरून हुबेहूब उतरवलेलं नटाचं पेन्सिल पोर्ट्रेट घरच्यांना फार आवडतं. परीक्षकांना त्यातून सफाई कळते, मुलाची नजर कळत नाही. स्केचबुकं मात्र ते मनापासून चाळतात. खोडलेली, परत काढलेली, अर्धवट सोडलेली पानं तशीच राहू द्या. आणि क्लासच्या सरांनी हात फिरवलेलं चित्र कृपया लावू नका. मुलाखतीत "हा रंग का घेतलास?" असं विचारलं की ते लगेच उघडं पडतं.

नाट्यविभागात बहुधा एकमेकांपेक्षा वेगळ्या प्रकृतीची दोन छोटी स्वगतं मागतात. आपल्या बालनाट्यातून आलेली मुलं धीट असतात, पाठांतर चोख असतं. पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लहान खोलीत जड जाते. परीक्षक अनेकदा मध्येच थांबवतात आणि म्हणतात, "हेच आता तू कुणाची तरी समजूत काढतोयस असं बोल." पहिल्यांदा कसं केलं त्यापेक्षा सूचना मिळाल्यावर मूल काय बदलतं, हे त्यांना बघायचं असतं. या एका गोष्टीची तयारी घरी सहज करता येते.

संगीतात विरोधी स्वभावाच्या दोन-तीन रचना, स्वरसप्तकं आणि समोर ठेवलेली स्वरलिपी पाहून वाजवणं असतं. बॅलेत वय फार लवकर लागतं: सेंट पीटर्सबर्गची 1738 पासूनची वागानोवा अकादमी दहाच्या आसपासची मुलं घेते आणि सांध्यांची ठेवण, लवचीकता, लय हे सगळं तपासते.

अभ्यास आणि पैसा

कलेत उत्तम म्हणून शाळेचे गुण कुणी पाहत नाही, असं समजू नका. गेल्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, शिक्षकांची पत्रं आणि बहुतेक ठिकाणी टोफेल किंवा ड्युओलिंगो ही इंग्रजीची परीक्षा लागते.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. अमेरिकेतल्या खासगी शाळांत राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च 60 हजार डॉलरच्या वर जातो. मदत मिळते, पण सगळ्यांना पुरेल इतकी नसते, आणि परदेशी मुलांच्या बाबतीत तुम्ही किती भरू शकता याचा निवडीवर परिणाम होऊ शकतो. नॉर्थ कॅरोलायनातली सरकारी कलाशाळा हायस्कूलला शिक्षणशुल्क घेत नाही, पण ते त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी. ब्रिटनची म्युझिक अँड डान्स स्कीम ही शुल्काला मदत करणारी सरकारी योजनाही तिथेच राहणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. प्रवेश मिळाला आणि पैसे जमले नाहीत, हा धक्का मुलाला नकारापेक्षा जास्त लागतो. म्हणून घरातली रक्कम अर्जाआधी ठरवा, आणि मुलालाही सांगा.

वेळापत्रकाचा पेच

अमेरिकी शाळांच्या मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत संपतात आणि वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं. तिकडच्या अकरावीत जायचं असेल तर ऑडिशन नेमकी दहावीच्या पूर्वपरीक्षांच्या दिवसांत येते. म्हणून आम्ही नववी संपल्याबरोबर, एप्रिल-मे मध्येच कामाला लागा असं सुचवतो. मूल पुढे भारतात पदवीला परतणार असेल, तर भारतीय विश्वविद्यालय संघाच्या समकक्षतेचे नियमही तेव्हाच वाचून घ्या.

आम्ही काय करतो, काय नाही

आम्ही मुलाचं काम पाहतो, कोणत्या विभागात खरोखर संधी आहे ते सांगतो, अर्ज आणि व्हिडिओची तयारी करून घेतो. कोणत्याही शाळेकडून दलाली घेत नाही. प्रवेशाची हमी देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहा. मुलाच्या वतीने निबंध लिहून देत नाही, चित्र दुरुस्त करत नाही.

पहिल्या भेटीला मुलाला घेऊनच या. सोबत गेल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका आणि चित्रं असतील तर मूळ स्केचबुकं आणा. गाणं, वादन किंवा नाच असेल तर घरी मोबाइलवर एका दमात केलेलं, न कापलेलं चित्रण पुरेल. फ्रेम केलेली प्रमाणपत्रं घरीच राहू द्या.