मृगातला अधाशी तारा

जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जे मॅक्नील या हौशी आकाशनिरीक्षकाने जेमतेम तीन इंची दुर्बिणीतून मृग नक्षत्राचे फोटो काढले. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्या ईशान्येला थोड्या अंतरावर मेसिए ७८ हा तेजोमेघ आहे. त्याच्या शेजारी मॅक्नीलला पंख्यासारखा पसरलेला एक धूसर डाग दिसला, जो कुठल्याच नकाशात नव्हता. जुने फोटो धुंडाळल्यावर तो १९६६ सालच्या एका फोटोत सापडला. मधल्या काळातल्या कितीतरी फोटोंत मात्र तिथे काळोखच होता.

धुळीचा तो पंखा कुठेही गेला नव्हता. त्याच्या टोकाशी धुळीत दडलेला एक तान्हा तारा, व्ही १६४७ ओरायनिस, साधारण चार महिन्यांत शंभर पट उजळला आणि त्याच्या उजेडात पंखा दिसू लागला. तारा उजळला, कारण तो एकाएकी जास्त खाऊ लागला.

तारे जन्मतात वायू आणि धुळीच्या थंड ढगांत. ढगाचा एखादा भाग स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो. त्याला आधीपासून जराशी गिरकी असते, आणि आकसताना ती वाढत जाते. त्यामुळे सगळा माल थेट मध्यभागी पडत नाही. ताऱ्याभोवती फिरणारी चपटी तबकडी तयार होते. मोरीच्या जाळीवर पाणी जसं गोल गोल फिरत खाली जातं, तसा तबकडीतला वायू हळूहळू आत सरकतो. पण आत सरकायचं तर गिरकी कुणाला तरी देऊन टाकावी लागते. थोडी गिरकी तबकडीच्या बाहेरच्या भागाकडे जाते, थोडी तबकडीवरून उडणारे वारे घेऊन जातात. या दोघांचा वाटा नेमका किती, यावर अजून वाद आहे.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो शेवटचा टप्पा. तबकडी ताऱ्याला टेकतच नाही. तान्ह्या ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र हजार गॉसच्या घरात असतं (पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस), आणि ते तबकडीला काही तारात्रिज्या अंतरावरच अडवून धरतं. तिथून वायू चुंबकीय रेषांवर चढतो आणि कमानीवरून घसरत सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने ताऱ्यावर आदळतो. जिथे आदळतो तिथे तापलेले ठिपके उमटतात. व्ही १६४७ च्या अशा ठिपक्यांमधून येणारे क्ष-किरण साधारण दिवसागणिक कमीजास्त होतात, म्हणजे हा तारा एका दिवसात स्वतःभोवती फिरतो. आपल्या सूर्याला त्यासाठी पंचवीसएक दिवस लागतात.

एरवी सूर्यासारख्या तान्ह्या ताऱ्याची भूक बेताचीच असते. तीनशे वर्षांत पृथ्वीएवढा माल पोटात जावा, इतपत. १९३६ मध्ये मृगातलाच एफयू ओरायनिस उजळला. त्याचा खाण्याचा वेग निघाला अकरा-बारा दिवसांत एक पृथ्वी! तो आजही पुरता निवलेला नाही. या भडक्यांमुळे एक जुनं कोडंही सुटण्याच्या वाटेवर आलं. तारे काही लाख वर्षांत संथपणे वाढत असतील, तर पडणाऱ्या मालामुळे ते जितके झळाळायला हवेत, त्याहून प्रत्यक्षात फार मंद दिसतात. बहुतेक काळ अर्धपोटी आणि मधूनच बकाबका, असा त्यांचा क्रम असेल तर हिशेब बराचसा जुळतो.

मॅक्नीलचा मेघ २००६ मध्ये विझला आणि २००८ मध्ये पुन्हा पेटला. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी तो चिकाटीने न्याहाळला. लडाखमधल्या हानले इथली हिमालयन चंद्र दुर्बीण आणि पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीची, आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र केंद्राची दुर्बीण, दोन्ही दोन मीटरच्या. मार्च २०१३ पर्यंत १२४ रात्री त्यांनी त्याची तेजस्विता मोजली. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण असा तारा एकदा पाहून काहीच कळत नाही. त्याच्यापाशी वर्षानुवर्षं बसावं लागतं. दुसऱ्या खेपेला तारा जवळपास पहिल्याइतकाच उजळला होता. दोनच वर्षांत रिकामी तबकडी पुन्हा भरणं अवघड आहे. म्हणजे २००६ मध्ये कोठार संपलं नसावं, ताऱ्याच्या दारातली चुंबकीय वाटच काही काळ तुटली असावी.

अशा भडक्याचा चटका तबकडीलाही बसतो. व्ही ८८३ ओरायनिस या ताऱ्याभोवती पाण्याच्या बर्फाची सीमा जवळपास आपल्या प्लूटोच्या अंतराइतकी मागे हटल्याचं चिलीतल्या अल्मा दुर्बिणींनी २०१६ मध्ये दाखवलं. २००८ मध्ये ईएक्स ल्युपी हा तारा उजळला, तेव्हा स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला त्याच्या धुळीत फॉर्स्टेराइट या खनिजाचे ताजे स्फटिक दिसले. आधी तिथे ते नव्हते. असे स्फटिक बनायला धूळ सातशे अंशांच्या आसपास तापावी लागते. १९९७ च्या वसंतात संध्याकाळी वायव्येला आपण सगळ्यांनी पाहिलेला हेल-बॉप धूमकेतू गोठवणाऱ्या थंडीत, सूर्यापासून फार लांब घडला होता. त्याच्या धुळीतही हेच स्फटिक होते.