खुबा नवा, पण चालवतं डोकं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या हाडांच्या दवाखान्यांबाहेर थोडा वेळ थांबलं तर हे वाक्य कानावर पडतंच: ‘ऑपरेशन झ्याक झालं, पर म्हातारीच्या डोक्यातनं भूल उतरंना झालीया.’ दिवसा ठीक असलेली आज्जी रात्री सुनेला ओळखत नाही, सलाईन ओढते, घराकडं न्या म्हणते. बहुतेकांचा हा भ्रम काही दिवसांत ओसरतो. पण तोवर चालण्याचा सराव मागं पडलेला असतो आणि सगळं खापर भुलीवर फुटून गेलेलं असतं. या समजुतीला वैद्यकशास्त्रानंच एकेकाळी खतपाणी घातलं होतं.

आधी सांध्याकडे. १८९१ मध्ये बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी खुब्यात हस्तिदंती गोळा बसवला होता. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये काचेची टोपी घालून पाहिली. वजन पडताच काच फुटायची. आजचं ऑपरेशन मात्र इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयाच्या जॉन चार्नली यांचं. त्यांनी धातूच्या गोळ्यासाठी टेफ्लॉन या प्लास्टिकची वाटी बसवली. रुग्ण झकास चालू लागले, आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून गेल्या. झिजेचा चुरा शरीरात काय करतो हे पाहायला या गृहस्थानं टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून घेतलं. मे १९६२ मध्ये एक विक्रेता वेगळं प्लास्टिक घेऊन आला. यंत्रमागाच्या भागांसाठी वापरतात ते. चार्नलींनी नखानं ओरखडून ते बाजूला टाकलं. ते परदेशी गेले असताना त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यानं मात्र ते झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवलं. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं, तितकंही हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. इचलकरंजीत ज्यांचं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं आणि आता खुबा बदललाय, त्यांच्या वाटीचं मूळ असं मागापाशीच निघतं. त्या नोव्हेंबरपासून हे प्लास्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन, वापरात आलं आणि सांध्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला.

डोक्याचा प्रश्न तेव्हा कुणी खुब्याच्या खात्यात धरतच नव्हतं. १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बेडफर्ड या डॉक्टरांनी वयस्कांवर भुलीचे होणारे परिणाम मांडले होते. ऑपरेशननंतर माणूस बदलला, ही नातेवाइकांची तक्रार त्यांनी गंभीरपणे घेतली आणि म्हाताऱ्यांवर खरोखर गरज असेल तरच शस्त्रक्रिया करा, असा सल्ला दिला. पुढं १९९८ मध्ये साठीपुढच्या १,२१८ जणांचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. ऑपरेशननंतर आठवड्यानं २५.८ टक्के जणांची स्मरणशक्ती-एकाग्रता घसरलेली होती, तीन महिन्यांनी ९.९ टक्के. ऑपरेशन न झालेल्यांत तीन महिन्यांनंतरचा आकडा २.८. भूल देताना रक्तदाब उतरतो, ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून हे होतं असा कयास होता. तो याच अभ्यासात टिकला नाही.

म्हणजे गुन्हेगार ठरवलेली भूल पुराव्याअभावी सुटत चालली होती. तरी नातेवाईक आजही अडून बसतात, ‘पूर्ण भूल नको, मणक्यातनंच द्या.’ २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,६०० रुग्णांवर नेमकं हेच तपासलं गेलं. खुब्याजवळचं हाड मोडलेले, पन्नाशीपुढचे लोक. साठ दिवसांनी मृत्यू पावलेले किंवा वॉकर घेऊनही दुसऱ्याच्या मदतीशिवाय दहा फूट चालू न शकणारे मणक्यातल्या भुलीच्या गटात १८.५ टक्के, पूर्ण भुलीच्या गटात १८. भ्रमाचं प्रमाणही दोन्हीकडे विसाच्या आसपास. हाड मोडून धावपळीत झालेलं ऑपरेशन आणि झिजलेला सांधा ठरवून बदलणं यांत फरक आहे. पहिल्यात भ्रम बराच जास्त. मोरीत घसरून पडलेल्या शेजारणीचा अनुभव गुडघे-खुबे दुखतात म्हणून तारीख घेऊन आलेल्याला लावू नये.

चालणं आणि डोकं यांची गाठ पडली ती भलत्याच वाटेनं. स्वीडनमधल्या लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांशी चालता चालता गप्पा मारल्या. बारा जण बोलण्यासाठी थबकले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांतले दहा पडले. ना यंत्र, ना खर्च. पाऊल टाकायला लक्ष लागतं, आणि ते लक्ष वयाबरोबर किंवा आजारपणात तुटपुंजं झालं की एकाच वेळी दोन कामं झेपत नाहीत. नवा खुबा, नवा वॉकर, दुखरी मांडी, ‘हा पाय आधी’ अशा सूचना: ऑपरेशननंतर हे सगळं डोक्यानंच सांभाळायचं असतं. म्हणून खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसण्याची १९९१ पासूनची चाचणी आता काही ठिकाणी उलटे आकडे मोजायला लावूनही घेतात.

इथं आपल्याकडची अडचण येते. शंभरातून सात-सात वजा करायला न शिकलेल्या बाईला सांगितलं तर ती थांबणारच. ते भ्रमाचं लक्षण नव्हे. हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर ग्रामीण लोकांसाठी १९९५ मध्ये स्मरणशक्ती-एकाग्रता तपासणाऱ्या चाचणीचा हिंदी अवतार याचसाठी तयार झाला होता. करवीर तालुक्यातल्या आज्जीला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगणं जास्त न्याय्य.

भ्रम टाळण्याचे उपायही साधे निघाले. २००१ च्या एका अमेरिकी अभ्यासात खुब्याचं हाड मोडलेल्या १२६ वृद्धांपैकी ज्यांच्याकडे वृद्धरोगतज्ज्ञानं रोज लक्ष दिलं त्यांच्यात भ्रम ३२ टक्के, इतरांत ५०. औषधं आटोक्यात, पाणी पुरेसं, लवकर उठवणं, आणि चष्मा व श्रवणयंत्र जवळ. ऑपरेशनला नेताना काढून घेतलेला चष्मा आणि कवळी रुमालात गुंडाळून सुनेच्या पर्समध्ये जाते आणि तिथंच राहते. वॉर्डात आणल्यावर पहिल्यांदा हे दोन्ही परत द्यायचं.