जमीन वापराचं नियोजन (कोकण किनारपट्टी)

जमीन वापराचं नियोजन म्हणजे कुठल्या जागेवर भात, कुठे बाग, कुठे जंगल, कुठे घरं नि कारखाने, आणि कुठे काहीच नको, हे आधी ठरवून ठेवणं. पुढच्या पिढीलाही ती जमीन कामाची राहिली तर त्याला शाश्वत म्हणायचं. 1992 च्या रिओ परिषदेत ठरलेल्या अजेंडा 21 चं दहावं प्रकरण याच विषयावर आहे, आणि देश ते गाव सगळ्या पातळ्यांनी मिळून हे ठरवावं असा त्याचा सूर आहे. कोकणात पातळ्या भरपूर आहेत, मिळून ठरवणं मात्र कमीच दिसतं.

गावाकडे जमिनीची वाटणी नावातच असते. पाणथळ मळा भाताचा, डोंगरउतारावरची वरकस नाचणी-वरीची, खाडीलगतचं खाजण, समुद्राकडे नारळ-पोफळीचं आगर, आणि वर कातळाचा सडा. सातबाऱ्यावर यातलं बरंचसं गळून जातं, तिथे जिरायत, बागायत, वरकस, पोटखराबा (लागवडीलायक नसलेली जागा) असे मोजकेच रकाने असतात. वरचं नियोजन मग या रकान्यांवरूनच चालतं, घोळ इथूनच सुरू होतो.

घटनेप्रमाणे जमीन हा राज्याचा विषय. केंद्राने 2013 मध्ये राष्ट्रीय जमीन वापर धोरणाचा मसुदा काढला होता पण तो मसुदाच राहिला, त्यामुळे दिल्लीचा हात जमिनीपर्यंत पोचतो तो पर्यावरणाच्या वाटेने, म्हणजे 1980 चा वन कायदा, 1986 चा पर्यावरण कायदा आणि त्याखाली निघणाऱ्या अधिसूचना. राज्याकडे 1966 चे दोन कायदे आहेत, नगररचनेचा एमआरटीपी आणि जमीन महसूल संहिता. पहिल्यातून प्रादेशिक योजना नि विकास आराखडे येतात, दुसऱ्यातून एनए, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी. जिल्हा नियोजन समितीने खरं तर गावं नि शहरांचे आराखडे जुळवून जिल्ह्याचा एक आराखडा करायचा असतो, पण लोकांना ती माहीत आहे ती निधीवाटपासाठीच. ग्रामपंचायतीच्या वाट्याला बहुतेक वेळा हरकती-सूचना येतात, त्याही नकाशा छापून झाल्यावर.

किनाऱ्यावर सगळ्यात जास्त चर्चा सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची. पहिली अधिसूचना 1991 ची, मग 2011, मग 2019. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो, गावांत पहिले 200 मीटर बांधकामाला बंदी होती, ती 2019 मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी (चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं) 50 मीटरवर आणली. किनारा व्यवस्थापनाचा नकाशा 1:25,000 ला काढतात, त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 25 मीटर, म्हणजे रेघेच्या जाडीत एखाद्याचं अख्खं घर जातं. म्हणून तर 1:4,000 चे सर्व्हे नंबरवाले नकाशे लागतात, गावच्या माणसाला आपला गट नंबर त्यातच सापडतो.

खरा ताळमेळ कुठे तुटतो ते बघायचं तर रायगडची खारभूमी बघावी. खाडीला बांध घालायचा, उघाडीतून (बांधातल्या झडपेतून) पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडायचं नि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, अशी ही शेती, पिढ्यानपिढ्या गावकी मिळून बांध राखायची. पुढे सरकारने खारभूमीचे कायदे केले (आत्ताचा 1979 चा) आणि ठरलेल्या योजनांचे बांध सरकारी खात्याकडे गेले. बांधाची डागडुजी वेळेत झाली नाही की खांड पडतं (बांध फुटतो), खारं पाणी शेतात घुसतं, दोन-चार वर्षं भात होत नाही आणि त्यात कांदळवन (खारफुटीचं जंगल) उगवतं. कांदळवन म्हणजे सीआरझेड-1, सगळ्यात कडक नियमांचा भाग, शिवाय ते तोडायला मुंबई उच्च न्यायालयाची 2005 पासून बंदी. आता सातबाऱ्यावर ती भातशेती, उपग्रहाच्या फोटोत जंगल, खारभूमी खात्याच्या कागदावर खाऱ्या पाण्यापासून संरक्षित क्षेत्र! प्रत्येक कायदा आपापल्या जागी बरोबर आहे (कांदळवन वाचायलाच हवं, त्यावर मासळी नि किनारा दोन्ही अवलंबून आहेत) पण शेतकऱ्याने नेमकं कुठल्या ऑफिसात जायचं ते कोणीच सांगत नाही.

सड्याचं उलटं. कागदावर पडीक किंवा पोटखराबा, म्हणून प्रकल्पाला जागा शोधताना आधी बोट तिथेच जातं. पण पावसाळ्यात गुरं तिथे चरतात, फुलं येतात, आणि सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला नि झऱ्याला येतं असं गावोगावचे लोक सांगतात. वर कातळशिल्पं आहेतच, बारसू, कशेळी, उक्षी, देवीहसोळ वगैरे ठिकाणांची नावं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि 2023 मध्ये त्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं नि लोक आडवे झाले. त्याआधी हीच रिफायनरी नाणारला व्हायची होती, तिथली अधिसूचना 2019 मध्ये रद्द झाली होती.

जमीन वापर बदलायला नेहमी आराखडाच लागतो असंही नाही. 1990 ला रोजगार हमीतून फळबाग लागवड आली आणि वरकस जमिनींवर आंबा-काजू चढला, नाचणीचे उतार बागा झाले. एवढा बदल कुठल्या प्रादेशिक योजनेने केला असेल असं वाटत नाही.

सह्याद्रीच्या बाजूला, पश्चिम घाटाच्या रक्षणासाठी केंद्राने नेमलेल्या गाडगीळ समितीने (अहवाल 2011) तालुक्यांना संवेदनशीलतेचे तीन दर्जे सुचवले आणि शेवटचं ठरवणं ग्रामसभांवर सोडायला सांगितलं. त्यानंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने (2013) उपग्रहचित्रांवरून घाटाचा सुमारे 37 टक्के भाग निवडला, गाव हे एकक धरून, म्हणजे गावात 20 टक्के किंवा जास्त नैसर्गिक क्षेत्र असेल तर अख्खं गाव आत. 2014 पासून मसुदा अधिसूचना पुन्हापुन्हा निघताहेत. दोन्हींत माझं मत गाडगीळांकडे झुकतं, पण ग्रामसभेत नकाशा वाचता येणारं कोणीतरी हवं ही अट त्यात नव्हती.

काही ठिकाणी मधला दुवा तयारही झाला. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने 1996 मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण बसलं, म्हणजे केंद्राची अधिसूचना राबवायला तालुक्यापुरती यंत्रणा. दुसरं उदाहरण पेणचं. महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन घ्यायची की नाही यावर 21 सप्टेंबर 2008 ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचं मत घेतलं. धरणाचं पाणी शेतीला द्यायचं म्हणून एका खात्याने लाभक्षेत्र ठरवलेलं, त्याच शेतांवर दुसऱ्या खात्याने सेझ आखलेला. सेझ पुढे तिथे उभा राहिला नाही.